कोन्सोंच्या शेतीला आधार कुणाचा? जुन्या धर्माचा की नव्या सोयींचा?

ज्वारीचं कणीस
दक्षिण इथिओपियात कोन्सो लोकांच्या डोंगरांवर बिनचुन्याच्या दगडी ताली, म्हणजे उतारावरच्या शेताची माती अडवणाऱ्या भिंती, आहेत, काही ठिकाणी 5 मीटरपर्यंत उंच. कोरडा मुलूख, बेभरवशाचा पाऊस, तरी एकवीस पिढ्या, म्हणजे 400हून जास्त वर्षं, ही माणसं तिथे ज्वारी पिकवतात. युनेस्कोने 2011 साली हा प्रदेश जागतिक वारशात घेतला. माझं ठाम मत आहे की या ताली कोन्सोंच्या जुन्या धर्मानेच इतकी वर्षं धरून ठेवल्या.

कुळाच्या प्रमुखाला तिथे पोकल्ला म्हणतात. आकाशातला देव वाका पाऊस देतो आणि पोकल्लाने आशीर्वाद दिला की पीक येतं, अशी श्रद्धा. त्याच्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही. काला, बामाले आणि कुफा ही जंगलं त्यामुळेच राहिली. दर 18 वर्षांनी नव्या पिढीकडे जबाबदारी जाते तेव्हा गावात उंच खांब उभा करतात. ताल ढासळली की शेजारीपाजारी मिळून लावतात, आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना चका, म्हणजे धान्याची दाट बिअर, पाजतो. 1950च्या दशकात नॉर्वेचे लुथरन पंथाचे ख्रिस्ती मिशनरी आले, पुढे त्याच पंथाचं मेकाने येसूस चर्च वाढलं. त्या चर्चच्या लोकांना चका वर्ज्य. मग सामाईक कामाची रीत कशी टिकायची? वीरांच्या थडग्यांवर त्यांचे लाकडी पुतळे असतात, त्यांनाही वाकाच म्हणतात; तेसुद्धा चोरून विकले गेले. हा धर्म गेला तर डोंगरावरची माती वाहून जाईल.

उभा_आडवा
साफ असहमत. पोकल्लाच्या हातात आशीर्वाद होता तशी जमीनही होती, हे तुम्ही लिहिलंच नाही. कुंभार, लोहार, विणकर यांना कोन्सो शेतकरी कमी लेखत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. अशा माणसाला नव्या देवापुढे सगळ्यांच्या बरोबरीने बसता येत असेल तर तो जाणारच. मिशनबरोबर दवाखाना आणि शाळाही आल्या. आपलं मूल वाचलं म्हणून कुणी चर्चमध्ये गेलं असेल, तर त्याला 'परंपरा सोडली' म्हणून बोल लावायचा हक्क आपल्याला नाही.

शिवाय जुन्या व्यवस्थेला धक्का एकट्या चर्चने दिलेला नाही. 1890च्या दशकात इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याच्या फौजेने हा मुलूख जिंकला. 1975 साली दर्गच्या लष्करी सरकारने देशातली सगळी शेतजमीन सरकारजमा केली. पोकल्लाच्या पायाखालची जमीन तेव्हा गेली. सगळा दोष बायबलच्या माथी मारू नका.

माळावरची
ज्वारीचं कणीस, चकाबद्दल इतकं जिव्हाळ्याने लिहिलंत, पण त्यासाठी धान्य दळायचं, आंबवायचं, गाळायचं काम बायकांचं. कोन्सोंची तटबंदीची गावं संरक्षणासाठी उंचावर वसलेली, आणि पाणी खाली. घागरी पाठीवर घेऊन चढण चढणाऱ्या बाईला विचारा, तिला आधी काय हवंय. मात्र उभा_आडवा, चका विकून चार पैसे मिळवणाऱ्याही बायकाच असतात. चर्चने चका बंद करायला सांगितली की तिची कमाई जाते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या हिशेबात ती नाहीच.

शेवगा
थोडं विषयांतर. ज्वारी आपल्याकडे आफ्रिकेतूनच आली, त्यामुळे या लोकांशी आपलं जुनं देणं आहे. कोन्सोंच्या अंगणात शेवग्याच्या जातकुळीचं झाड असतं. त्याचा पाला ज्वारीच्या उंड्यांबरोबर शिजवतात, त्याला कुर्कुफा म्हणतात. दुष्काळात इतर भाज्या सुकतात, हे झाड तगतं. मदत करायची तर मक्याचं बियाणं वाटण्याआधी हे बघावं. मक्याला ज्वारीपेक्षा पाणी जास्त लागतं.

ज्वारीचं कणीस
उभा_आडवा, कारागिरांबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण माळावरची, पाण्याचा प्रश्नसुद्धा माझ्याच मुद्द्याकडे येतो. कोन्सोंचे 'हर्दा' नावाचे तलाव आहेत, देवराईत किंवा तिच्या जवळ. ते सगळ्यांनी मिळून बांधलेले. गाळ कुणी काढायचा, कधी काढायचा, हे रूढीने ठरलेलं. बाहेरून पंप आणून बसवला आणि तो बिघडला, तर दुरुस्तीला कोण येणार? हर्दाला निदान धनी आहे.

उभा_आडवा
पंप बिघडतो तेव्हा सुटा भाग मिळत नाही, शिकलेला माणूस जवळ नसतो. त्यावर उपाय म्हणजे गावातल्या मुलीला पंपदुरुस्ती शिकवणं. आणि हर्दाचा गाळ चर्चला जाणारी माणसंही काढू शकतात. त्यांनाही तहान लागते. तलाव सगळ्यांचा असेल तर कधी उपसायचा हे पोकल्लाच्या घराण्याने का ठरवायचं, कुंभारणीने का नाही? याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.