एचपी नव्हे, नेमप्लेटवरचे अँपिअर जुळवा

मोटरसाठी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं व्हीएफडी उपकरण) किती मोठा घ्यायचा, यावर '१० एचपीच्या (साधारण ७.५ किलोवॅट) मोटरला १० एचपीचा ड्राइव्ह घ्या, विषय संपला' असा सल्ला काहींनी दिलाय. चार पोलच्या (पोल म्हणजे मोटरमधले चुंबकीय ध्रुव) मोटरवर पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर ते बहुधा चालून जातं. पण पोलांचा मुद्दा कुणी काढलाच नाही. पोल वाढले की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) घसरतो आणि तेवढ्याच किलोवॅटला करंट जास्त लागतो. ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्टची चार पोल मोटर साधारण १४-१५ अँपिअर घेते. आठ पोलची १७ च्या आसपास जाऊ शकते. सबमर्सिबल मोटरचंही तेच, त्याच एचपीच्या साध्या मोटरपेक्षा तिचे अँपिअर जास्त असतात. किलोवॅट जुळवून घेतलेला ड्राइव्ह मग पूर्ण लोडवर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, आणि दोष विनाकारण मोटरला दिला जातो.

कॅटलॉगमध्ये एकाच ड्राइव्हला बहुधा दोन करंट दिलेले असतात. नॉर्मल ड्यूटीत (हलक्या लोडसाठी) दिलेल्या करंटच्या साधारण ११० टक्क्यांपर्यंतचा ओव्हरलोड एक मिनिट मिळतो, हेवी ड्यूटीत (जड लोडसाठी) १५० टक्क्यांपर्यंतचा. भरलेला कन्व्हेयर, पिस्टन कॉम्प्रेसर, क्रशर यांना हेवीचाच आकडा धरा. एक साइज मोठा घेतलात तरी मोटर करंटच्या पॅरामीटरमध्ये नेमप्लेटचे अँपिअर भराच. तिथे ड्राइव्हचा मूळ आकडा तसाच राहिला तर ओव्हरलोड संरक्षण वेळेवर ट्रिप करत नाही आणि वाइंडिंग जळतं.