शब्दचर्चा: सुरय, कुरव की पाणकावळा?

पैठणहून विचारणा: वादळी पावसानंतर नाथसागराच्या काठी थकून बसलेल्या पक्ष्याचा फोटो भाच्यानं काढलाय. अंग काळपट तपकिरी, पाठभर पांढरे ठिपके, चोच बारीक टोकदार, शेपटीला खाच. गावातले मासेमार पाणकावळा म्हणायलेत, कुणी सीगल म्हणतंय, आणि बातमीत छापलंय 'परदेशी स्थलांतरित पाहुणा'. मराठीत नेमकं काय लिहावं?

परभणी: पाणकावळा नक्कीच नाही, त्याच्या चोचीचं टोक आकड्यासारखं खाली वळतं. पण पाण्याजवळ काळं काही दिसलं की पाणकावळा, अशी आपल्याकडं रीतच पडलीय. सीगलला 'कुरव' हा चांगला शब्द आहे, पण कुरव अंगानं भरदार, चोचीनं जाड. हा सुरय, म्हणजे इंग्रजीतला टर्न. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा नदी सुरय तुम्ही धरणावर बघतच असाल, हा त्याचा समुद्रातला भाऊबंद.

लातूर: सुरयाच्याच गोतातला समुद्री पक्षी, नोडी, का नाही? तोही तपकिरीच असतो की.

परभणी: फोटो मोठा करून पाठ बघा. पिसापिसाच्या टोकाला पांढरा ठिपका आहे, नोडीला तसले ठिपके नसतात. शिवाय त्याची शेपटी पाचरीसारखी, खाच नावापुरती. ठिपके आणि दुभंगलेली शेपटी एकत्र म्हणजे सूटी टर्न, पहिल्या वर्षाचा. मी 'काजळी सुरय' लिहीन. मोठा पक्षी असता तर कपाळ बघितलं असतं: काजळीचा पांढरा पट्टा डोळ्यापाशी संपतो, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण घालणाऱ्या ब्रायडल्ड टर्नचा भुवईसारखा डोळ्यामागं जातो.

लातूर: मग 'पिल्लू' लिहायचं का?

परभणी: नको. पिल्लू म्हटलं की घरट्यात चोच वासून बसलेलं डोळ्यापुढं येतं, हा तर समुद्रावरून उडत आलाय. 'अवयस्क' बरोबर आहे, पण सातबाऱ्यावरल्या वारसासारखं वाटतं. 'पहिल्या वर्षाचा' सरळ कळतं.

नांदेड: माझा आक्षेप 'स्थलांतरित'वर. स्थलांतर म्हणजे ठरलेल्या ऋतूत ठरलेल्या वाटेनं जाणं-येणं. हिवाळ्यात जायकवाडीला येणारी बदकं स्थलांतरित. याला वाऱ्यानं ढकलत आणलंय, 'भरकटलेला' म्हणा. आणि 'परदेशी' कशावरून? लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर काजळी सुरयाची वीण होते. बातमीदाराला परदेशी म्हटल्याशिवाय पक्ष्याचं मोल वाटत नाही, त्याला काय करावं!

पैठण: मग ओळ अशी करतो: 'वादळात भरकटलेला काजळी सुरय, पहिल्या वर्षाचा'. पक्षी खोक्यात ठेवलाय, भाचा म्हणतो धरणात सोडू.

परभणी: पाण्यात सोडू नका हो! समुद्री असला तरी याची पिसं भिजतात, तो पाण्यावर फारसा बसतच नाही. खोकं अंधारात, शांत जागी ठेवा आणि वन विभागाला आत्ताच फोन लावा.