दोनापावला : बाल्कनीच्या स्लॅबची सळई उघडी पडली, वरचा फ्लॅट बंद. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बांधकाम, रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) किंवा सोसायटीच्या कामातलं कळणाऱ्यांनी कृपया सल्ला द्या, हाताशी वेळ थोडा आहे.

फोंड्याचं चिऱ्यांचं घर दिरांकडे सोपवून आम्ही दोघं दोनापावल्याच्या टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर राहायला आलो. यजमानांचं हृदयाचं दुखणं, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) जवळ, लिफ्ट आहे, समोर झुवारीचं मुख. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इथून उठावंसं वाटत नाही. ताबा घेऊन येत्या ऑक्टोबरला पाच वर्षं होतील.

जून लागला की नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो. सरकत्या खिडक्यांच्या पट्टीतली पाणी जायची भोकं खारट चिकट मळाने बुजतात आणि पाणी हॉलमध्ये उतरतं. ते मी जुन्या टूथब्रशने दर आठवड्याला मोकळं करते, त्याचं काही नाही. काळजी आहे ती बाल्कनीच्या छताची. गेल्या आषाढात तिथे तांबूस रेघ उमटली होती. यंदा तिथे बोटाने ठोकलं तर बद्द आवाज येतो, आणि परवा तळहाताएवढा पोपडा तुळशीच्या कुंडीत पडला. आत सळई दिसते, गंजाचे पापुद्रे सुटलेली.

ओळखीच्या एका इंजिनिअरने सांगितलं की खाऱ्या हवेतलं क्लोराइड मुरत मुरत सळईपर्यंत पोचतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर 45 मिमी काँक्रीटचं आवरण हवं. फुटलेल्या कडेला त्यांनी मोजपट्टी लावली, जेमतेम 20 मिमी भरलं.

त्यात वरचा फ्लॅट बंद. 32 फ्लॅटपैकी पावसाळ्यात सात-आठ घरांतच दिवा दिसतो, बाकीचे मालक दिल्ली-मुंबईला. वॉचमनने गच्चीवरून वाकून फोटो काढला : वरच्या बाल्कनीतली पाणी जायची जाळी कबुतरांच्या पिसांनी तुंबलेली, चार बोटं पाणी साचलेलं. किल्ली कोणाकडेच नाही. मालक फोनवर म्हणाले, दिवाळीला आलो की बघू. फोंड्याला वैशाखात शिडी लावून कौल बदललं की काम झालं, इथे डोक्यावरचं पाणी दिसतं पण हात पोचत नाही.

बिल्डर म्हणतो, हा देखभालीचा विषय, सोसायटीकडे जा. सोसायटीची सभा गणपूर्तीअभावी दोनदा पुढे गेली. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष कळवला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा, एवढं मी वाचलंय. पण सोसायटीचा ठराव नसताना मी एकटीने नोटीस दिली तर चालेल का? रजिस्टर पोस्टाने द्यावी की थेट वकिलामार्फत? सोबत आवरणाची जाडी आणि क्लोराइड तपासल्याचा अहवाल लागेल का, आणि पणजीच्या आसपास हे कोण करून देतं? बंद फ्लॅटची जाळी साफ करायला सोसायटी पंचनामा करून आत जाऊ शकते का? कोणी असं केलं असेल तर नक्की लिहा.

एक कंत्राटदार उद्याच गिलावा करून रंग द्यायला तयार आहे. यजमानांनाही वाटतं, चवथीला नातवंडं येणार, तोवर एवढं तरी करून घ्यावं. मी थांबवलंय, कारण पुरावाच झाकला जाईल आणि गंज आत चालूच राहील. सध्या बाल्कनीच्या दाराला आतून कुलूप घातलंय. दुरुस्ती होईपर्यंत स्लॅबला खालून टेकू द्यायला हवा का, एवढं मात्र कोणी जाणकाराने आजच सांगितलं तर फार बरं होईल.