रिकॉलनंतर पुढची गाडी त्याच कंपनीची घेतलीत का? गोव्यातील वाहनमालकांचे अनुभव

आवाहन

विकलेल्या गाडीत दोष असल्याचे मान्य करून कंपनी ती गाडी विनामूल्य दुरुस्तीसाठी परत बोलावते, म्हणजे ज्याला आपण सगळे रिकॉल म्हणतो ते होते, तेव्हा त्या कंपनीवरचा मालकाचा विश्वास वाढतो की उणावतो, याविषयी गोव्यातील मराठी वाहनमालकांचे प्रत्यक्ष अनुभव एकत्र यावेत, यासाठी हे आवाहन करीत आहे. आपल्याकडे अनेक घरांत वडिलांनी घेतली त्याच कंपनीची गाडी मुलगाही घेतो आणि ट्रकमालकांत तर ही निष्ठा अधिकच घट्ट असते. रिकॉल हा त्या निष्ठेचा खरा कस आहे, असे मला वाटते.

थोडी पार्श्वभूमी देतो. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची संहिता जुलै २०१२ मध्ये लागू केली. त्यापूर्वी गाड्या परत बोलावणे पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते, तरीही मारुती सुझुकीने २०१० मध्ये सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या इंधन पंपाच्या गॅस्केटसाठी (गळती रोखणाऱ्या पट्टीसाठी) परत बोलावल्या होत्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याविषयीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांपेक्षा कमी वयाची वाहने त्यांच्या कक्षेत येतात आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला तर तिला दंड होत नाही.

रिकॉल आपल्याला कसा कळला, काम कोठे व कसे झाले, आणि पुढची गाडी कोणत्या विचाराने घेतली, एवढे अवश्य लिहावे. एक विनंती आहे. स्वतःच्या तक्रारीत कंपनीचे किंवा डीलरचे नाव घेऊ नये, कारण चर्चा नावांवर घसरली की अनुभव मागे पडतात. सार्वजनिकरीत्या जाहीर झालेल्या रिकॉलचा उल्लेख नावानिशी करण्यास हरकत नाही.

म्हापसा, शिक्षिका

आमच्या घरात वडिलांच्या काळापासून एकाच कंपनीच्या गाड्या आहेत. माझ्या सध्याच्या गाडीच्या रिकॉलची सूचना मोबाइलवर संदेश म्हणून आली आणि त्यात एका दुव्यावर जाऊन चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, भरण्यास सांगितले होते. बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या संदेशांची भीती मनात असल्यामुळे मी तो दुवा न उघडता थेट सर्व्हिस सेंटरला दूरध्वनी केला. सूचना खरी निघाली. इंधन पंप बदलायचा होता. भाग आधीच मागवून ठेवलेला होता, त्यामुळे काम मी तेथे बसलेली असतानाच पुरे झाले आणि हातात पडलेल्या बिलावर शून्य रक्कम होती.

मला मोलाचे वाटले ते सल्लागाराचे बोलणे. हा पंप अचानक बंद पडल्यास गाडी चालत्या रस्त्यावर थांबू शकते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. माझे थोरले बंधू मात्र ‘गाडी परत बोलवावी लागली, म्हणजे कंपनीचा दर्जा घसरला’ या मताचे आहेत आणि चवथीला त्यांनी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. मी त्यांच्याशी सहमत नाही. पुढच्या वेळीही मी हीच कंपनी निवडीन.

दिवाडी, खासगी नोकरी

सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, एर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी परत बोलावल्या, तेव्हा तपासणी होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विद्युत भागांवर थेट पाणी मारू नये, असेही जाहीर केले होते. माझी गाडी त्यांत नव्हती. मात्र सप्टेंबरात आमच्याकडे पाऊस सरलेला नसतो आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे बारमाही उडतात, त्यामुळे बेटावरच्या माणसाने अशी सूचना कशी पाळावी, हा प्रश्न मला तेव्हा पडला. रिकॉलची सूचना साऱ्या देशाला एकच असते, हवापाणी मात्र जागोजागी वेगळे असते. किनारपट्टीवरील मालकांना तपासणीत अग्रक्रम मिळाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वास्को, जुन्या गाडीचे मालक

दिवाडीच्या सदस्यांनी मांडलेल्या मुद्द्यावरूनच माझा अनुभव लिहितो, कारण माझ्या गाडीतील दोष हवामानाशीच जोडलेला होता.

मी परराज्यातून जुनी गाडी आणली आणि तिची नोंदणी येथे करून घेतली. रिकॉलचे पत्र ज्याच्या नावावर गाडी विकली गेली त्याच्या पत्त्यावर जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाची नोंद कंपनीकडे असेलच असे नाही. एअरबॅगांच्या जागतिक रिकॉलविषयी वाचत असताना मी सहज कंपनीच्या संकेतस्थळावर माझा चॅसिस नंबर घातला, तेव्हा चालकाच्या बाजूच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारी धातूची डबी, बदलणे बाकी असल्याचे दिसले. विकणाऱ्या मध्यस्थाने याचा उच्चारही केला नव्हता.

हे प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले जात असे आणि सुरुवातीच्या अनेक इन्फ्लेटरांत ओलावा शोषणारा पदार्थ घातलेला नव्हता. वर्षानुवर्षे दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसून ते रसायन खराब होते आणि अपघाताच्या क्षणी प्रमाणापेक्षा वेगाने पेटते. मग धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या दिशेने उडतात. अमेरिकेत एकट्या या दोषापायी सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावण्यात आले. त्या देशाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वाहन रिकॉल आहे. तेथे फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा उष्ण आणि दमट प्रदेशांना अग्रक्रम दिला गेला. जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या गोव्याची हवा त्या प्रदेशांसारखीच आहे, आणि दाबोळीच्या उघड्या माळावर दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी आतून किती तापते हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको.

ब्रँडनिष्ठेच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी की, हे इन्फ्लेटर होंडा, टोयोटा, निसान, माझदा, बीएमडब्ल्यू, फोर्ड अशा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांच्या गाड्यांत बसवलेले होते. एका कंपनीवर रागावून दुसरीकडे गेलेला ग्राहक तोच सुटा भाग नव्या चिन्हाखाली विकत घेत असेल, तर त्याच्या रागाला काय अर्थ राहिला? तेव्हापासून कंपनीचे नाव मी दुय्यम मानतो. जुन्या मालकांपर्यंत पोहोचण्यासाठी ती किती कष्ट घेते, हे पाहतो. माझ्या बाबतीत सर्व्हिस सेंटरने दुसरा मालक असल्याबद्दल कोणतीही अडवणूक केली नाही, फक्त आरसी पाहिली. भाग येण्यास बराच विलंब लागला आणि त्या काळात गाडी चालवावी की नाही याचे स्पष्ट उत्तर कोणी दिले नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

उसगाव, टिप्परमालक

मोटारीच्या मालकांना एक दिवस गाडी सर्व्हिसला देणे परवडते. ट्रकवाल्याचा उभा राहिलेला दिवस म्हणजे बँकेच्या हप्त्यातली खोट असते, म्हणून आमच्या निष्ठेची कारणे निराळी आहेत. सुटा भाग उसगाव, सावर्डे किंवा कुडचडे येथे त्याच संध्याकाळी मिळतो का, अनमोड घाटात रात्री गाडी बंद पडली तर हाक मारताच येणारा मेस्त्री त्या इंजिनाचा जाणकार आहे का, आणि नवा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून ती गाडी सफाईने चालवू शकतो का, या तीन गोष्टींवर आमच्या भागात ट्रकची कंपनी ठरते. शोरूममधल्या जाहिरातीने ठरत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा खनिज वाहणारे आमचे टिप्पर महिनोन् महिने उभे होते. उभ्या गाडीतले रबर कडक होते, ब्रेकच्या झडपांत ओल धरते. अशाच काळात आमच्या एका मॉडेलच्या ब्रेकच्या एका भागाविषयी कंपनीची नोटीस आली. सगळ्या गाड्या कार्यशाळेत आणा, असे कंपनीने सांगितले असते तर निम्म्या मालकांनी नेल्याच नसत्या, कारण विमा आणि पासिंग संपलेले होते. कंपनीने आपले तंत्रज्ञ सुटे भाग घेऊन आमच्या यार्डात पाठवले. त्यांनी प्रत्येक गाडीचा चॅसिस नंबर टिपून घेतला आणि भाग बदलून ब्रेक तपासून दिले. धंदा बंद असलेल्या, नवा ट्रक घेण्याची शक्यताच नसलेल्या माणसासाठी त्यांनी हे केले, हे मी विसरणार नाही. वाहतूक पुन्हा सुरू झाल्यावर घेतलेला टिप्पर त्याच कंपनीचा आहे, जरी दुसऱ्या कंपनीचा ट्रक तेव्हा स्वस्त मिळत होता.

काणकोण, लहान व्यावसायिक

माझा अनुभव उलट आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. स्टिअरिंग जड होत असल्याची तक्रार मी अनेकदा केली आणि प्रत्येक वेळी ‘हे नॉर्मल आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मी स्वतःच्या खर्चाने काम करवून घेतले. त्यानंतर काही काळाने त्याच भागासाठी रिकॉल जाहीर झाला. मी जपून ठेवलेले बिल सादर केले, तेव्हा काम अधिकृत ठिकाणी झाले नसल्याचे कारण देऊन परतावा नाकारण्यात आला. दोष असण्याबद्दल माझा राग नाही, दोष सांगणाऱ्या ग्राहकाला खोटे पाडण्याबद्दल आहे. त्या कंपनीची गाडी आमच्या घरात पुन्हा येणार नाही.

पेडणे, टॅक्सी व्यावसायिक

टॅक्सीच्या धंद्यात पुनर्विक्रीची किंमत ही निष्ठेची पहिली पायरी आहे आणि रिकॉलची बातमी आली की मध्यस्थ लगेच भाव पाडतात. त्याहून मोठी चिंता कंपनी देश सोडून जाण्याची असते. जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. टवेरा ही तेव्हा प्रवासी वाहतुकीतली नित्याची गाडी होती. पुढे २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्रीच थांबवली. फोर्डनेही २०१३ मध्ये फिगो आणि फिएस्टाच्या १,६६,०२१ गाड्या परत बोलावल्या होत्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा कंपन्या जाताना सेवा आणि सुटे भाग चालू ठेवण्याचे आश्वासन देतात, परंतु डीलरची दालने एकेक करून बंद होत गेली की जवळचे केंद्र कोणते, हे शोधण्यातच माणूस दमतो. म्हणून नवी टॅक्सी घेताना ही कंपनी दहा वर्षांनी येथे असेल का, हा विचार मी आधी करतो. डिसेंबरच्या हंगामात रिकॉल आला तर गाडी नेण्याची तारीख जानेवारीपर्यंत लांबवण्याचा मोह आमच्यातल्या बहुतेकांना होतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचे काम असेल तर तो मोह टाळावा, कारण मागे बसलेले प्रवासी आपल्या भरवशावर बसलेले असतात.

फोंडा, पूर्वी सर्व्हिस सल्लागार

वरील सर्व अनुभव वाचले. काउंटरच्या पलीकडून पाहिलेले थोडे लिहितो.

गाडी कोणत्याही कामासाठी अधिकृत केंद्रात आली की तिचा चॅसिस नंबर संगणकात घालताच राहिलेले रिकॉलचे काम समोर दिसते. त्यामुळे नियमित येणाऱ्या ग्राहकांची कामे आपोआप होऊन जातात. अडचण असते ती वॉरंटी संपल्यावर गावच्या गॅरेजकडे वळलेल्या गाड्यांची. त्यांच्या मालकांना आम्ही दूरध्वनी करीत असू, तेव्हा अनेक क्रमांक बदललेले असत आणि जे उचलत त्यांतले काही जण हा सर्व्हिसला बोलावण्याचा बहाणा समजून फोन ठेवून देत. गावच्या मेस्त्रीवर त्यांचा जो विश्वास असतो तो योग्यच आहे, कारण त्या मेस्त्रीने वर्षानुवर्षे गाडी सांभाळलेली असते. परंतु रिकॉलची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची कोणतीही व्यवस्था नाही.

दुसरे असे की, रिकॉलच्या संख्येवरून कंपनीचा दर्जा ठरवू नये. काही कंपन्या लहानसहान कामे ‘सर्व्हिस कॅम्पेन’ या नावाखाली गाजावाजा न करता उरकतात आणि त्यांच्या नावावर रिकॉल कमी दिसतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये, असा सल्ला उघडपणे दिला होता. असा सल्ला देताना विक्रीवर परिणाम होणार हे कंपनीला ठाऊक असते आणि तरीही तो दिला जातो, याचे मोल ग्राहकाने ओळखावे.

वास्कोच्या सदस्यांसारखी जुनी गाडी घेणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे. पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याकडून चॅसिस नंबर घेऊन तो कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा, किंवा अधिकृत केंद्रात जाऊन राहिलेल्या कामांची विचारणा करावी. व्यवहार पुरा होताच आपले नाव आणि मोबाइल क्रमांक त्या केंद्रात नोंदवून घ्यावा, कारण आरसीवर नाव बदलले तरी कंपनीच्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही. रिकॉलचे काम झाल्यावर रक्कम शून्य असली तरी जॉब कार्डची, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदपत्राची, प्रत मागून घ्यावी आणि ती गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. काणकोणच्या सदस्यांनी आपले बिल घेऊन पुन्हा एकदा, या वेळी डीलरकडे न जाता, कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि पूर्वी केलेल्या तक्रारींच्या जॉब कार्डांच्या प्रती त्याला जोडाव्यात. त्या प्रती आपल्याकडे नसल्यास तक्रार केलेल्या केंद्राकडे मागून पाहाव्यात.