चर्चा: आगमनकाळात नाताळगाणी नकोत

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या मंडळीत ठराव आलाय की घरोघरी नाताळगाणी १ डिसेंबरपासूनच सुरू करावीत, कारण विसाव्या तारखेनंतर सगळी घरं उरकत नाहीत. मी विरोध केला. कारण सांगतो.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारचं शुभवर्तमान उघडा. मत्तय २४, मार्क १३, लूक २१, तीन वर्षांच्या पाठक्रमात आळीपाळीने. त्यात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. प्रभू पुन्हा येणार आहे, जागे राहा, एवढंच आहे. पुढचे दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. लूक ३ मध्ये लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी धमकावून पैसे उकळू नयेत, असं तो तोंडावर सांगतो. मरिया येते ती चौथ्या रविवारी. बाळाजवळ जायच्या आधी आपली झडती होते, आणि नेमकी तीच आपण गाण्यांच्या गडबडीत बुडवतो. २५ तारखेला उपासना संपली की दुसऱ्या दिवशी झाड उतरवायची घाई. नाताळ तर खरा त्या दिवशी सुरू होतो.

मिरजवाला
दादा, पोटतिडीक कळली, पण पटलं नाही. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेसनी मिरजेत दवाखाना सुरू केला, ते प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनचे. त्या परंपरेने सणांचं वर्षचक्र जाणूनबुजून बाजूला ठेवलं होतं, कारण शास्त्रात तशी आज्ञा नाही. माझ्या आजीच्या घरी आगमनकाळाची जांभळी मेणबत्ती कधी लागली नाही, तरी तिची प्रभूच्या येण्याची आशा कुणाहून कमी नव्हती.

आणि आगमनकाळात दर रविवारी एक लावतात ते चार मेणबत्त्यांचं चक्र १८३९ सालचं, हॅम्बुर्गच्या योहान विखर्न यांचं. अनाथ-गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांच्यासाठी त्यांनी ते केलं. म्हणजे मुलांचा आनंद हाच त्याचा उगम. आमची पोरं पुण्यात नोकरीला. डिसेंबरच्या शनिवार-रविवारीच गावी येतात, गाण्यांच्या निमित्तानेच एकमेकांच्या घरी जातात. ते बंद केलं तर त्यांना जोडून ठेवायला दुसरं काय आहे आपल्याकडे?

कृष्णाकाठ
मेणबत्त्यांसाठी मी अडलेलो नाही. पण 'आपली परंपरा नाही' हे आता म्हणता येणार नाही. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० ला अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात प्रेसबिटेरियनही आले. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

अजिंक्यतारा (सातारा)
मी कॅथलिक. आमच्याकडे आगमनकाळाच्या रविवारी फादरांची जांभळी वस्त्रं असतात, ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास ठरवून दिला होता, म्हणजे उपास मेणबत्त्यांपेक्षा कितीतरी जुना. तरी दादांचंही पूर्ण पटत नाही. तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्रं घालतात, आनंद करा म्हणतात. नुसती झडती नाही ती. आणि गाण्याला एवढं घाबरू नका. १९१७ मध्ये ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, तो भजन-कीर्तनाच्या बळावरच.

पलूसची ताई
तुम्ही सगळे देवळाच्या आतलंच बोलताय. आमच्या रस्त्याकडेला नोव्हेंबरपासून ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्यात. बीडकडची माणसं, काही आपल्या जतचीच. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एक जोडा. बाई अंधारात उठून भाकरी थापते, फडात जाते, पोरं उसाच्या पाचटात बसतात. आमची गाण्याची पार्टी त्यांच्यावरून पुढे निघून सभासदांच्या घरी जाते, कारण दान तिथे मिळतं. चौथ्या रविवारी आपण मरियेचं गाणं वाचतो. भुकेल्यांना देव तृप्त करतो, श्रीमंतांना रिकाम्या हाती लावून देतो, असं ती म्हणते. ती स्वतः गरोदरपणी परगावी निघालेली, निवाऱ्याला जागा न मिळालेली. तिचं गाणं कोप्यांपुढे न म्हणता आपण कुठे म्हणतोय?

२४ तारखेला ब्लँकेट वाटून फोटो काढणं मला नको आहे. चारही आठवडे जायचं. कुणाचं पोर शाळेत जात नाही, कुणा बाईला दवाखाना हवा आहे, ते बघायचं.

आष्टा_शेतकरी
ताई, मीही मंडळीतला, दीड एकर ऊस आहे. तोड लवकर हवी तर टोळीला खुशाली द्या, वाहनचालकाला एंट्री द्या, दोन्ही वरचे पैसे. ठरल्यापेक्षा जास्त घेणारे तिथेही आहेत. योहानाचं वचन त्यांनाही ऐकवणार का?

पलूसची ताई
ऐकवायला हवंच. पण दादा, ती खुशाली मागणाऱ्याच्या डोक्यावर उचल आहे आणि तिचा हिशेब त्याच्या हातात नाही. ज्यांच्या हातात हिशेब आहे त्यांतले काही आपल्या मंडळीतही बसतात. आधी त्यांना विचारू, मग फडावर जाऊ. तुम्ही सोबत या, तुमचंही म्हणणं तिथे मांडा.

मिरजवाला
ताई, आमच्या तरुण संघाला मी हे विचारतो. पण गाणी घेऊनच येऊ आम्ही, १ डिसेंबरपासूनच. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

कृष्णाकाठ
कोप्यांवर पहिल्याच आठवड्यात गा, माझी हरकत नाही. सभासदांच्या घरी मात्र २४ च्या रात्रीपासून, नाताळचा काळ संपतो त्या ६ जानेवारीपर्यंत. ठरावाला मी हीच दुरुस्ती सुचवणार आहे.