पहिली इलेक्ट्रिक गिटार: ब्रिज नेमका कुठे?

प्रश्न: तयार बोल्ट-ऑन नेक (बॉडीला स्क्रूने जोडायची मान) घेतला आहे, स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी ६४८ मिमी. बॉडी सागवानाची कापणार. ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) जागा कशी ठरवू? सिंगल-कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपला पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनचे पोटेंशियोमीटर, कोणते?

उत्तर: आधी नेक बॉडीतल्या खाचेत (पॉकेटमध्ये) स्क्रूने घट्ट बसवा, मगच ब्रिजची भोकं पाडा. नटपासून (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बारावा फ्रेट ३२४ मिमीवर येतो. तिथून पुढे तेवढ्याच अंतरावर पातळ ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकणारा सरकता तुकडा) यायला हवं. ते सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊनच खुणा करा. इंटोनेशन करताना (प्रत्येक फ्रेटवर सूर जुळवताना) बाकीची सॅडल मागे सरकतात, जाड ई तर ३-४ मिमी. मागे जागाच उरली नाही तर वरच्या फ्रेटवर सूर कधीच जुळणार नाही.

उत्तर: मध्यरेषाही बघा. दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणा. फ्रेटबोर्डच्या कडांपासून अंतर सारखं हवं, नाहीतर वाजवताना तार कडेवरून घसरते. सागवान जड पडेल, शिवणीचं लाकूड मिळालं तर उत्तम.

उत्तर: पॉट २५० के (किलोओहम). ब्रिजखाली अर्थची वायर हवीच, नाहीतर तारांना हात लावूनही गुणगुण कमी होत नाही. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासून ४०-६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने वायरला सोल्डरचा डाग द्या; २५ वॅटने ती पुरेशी तापत नाही, डाग कच्चा राहतो.