मैत्रिणीचे बिनव्याजी पैसे आधी फेडले. चुकलं का?

मुद्दलबाकी

वय २७. दोघींनी मिळून सुरू केलेला धंदा दोन वर्षांत बसला. भागीदारीण सटकली आणि कर्जं माझ्या नावावर राहिली. ती एकूण माझ्या १५ महिन्यांच्या पगाराएवढी होती. खरे आकडे सांगायची लाज वाटते, म्हणून एकूण १०० धरते. वैयक्तिक कर्ज ४५, क्रेडिट कार्ड ३०, मैत्रिणीकडून हातउसने १५ आणि गाडीचं कर्ज १०.

गाडीचं १२ टक्क्यांनी आहे, त्यामुळे त्याची फारशी काळजी नव्हती. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी, हप्ता ठरलेला. कार्डाला महिना ३ टक्के. मैत्रिणीचं बिनव्याजी. 'सावकाश दे गं' एवढंच म्हणाली होती.

नोकरी धरली. ठरलेले दोन हप्ते आणि जगण्यापुरता खर्च (एका खोलीत दोघी राहतो, पगाराच्या पाव भागात भागवते) वजा जाता महिन्याला ३.१ उरतात. त्यातले १.६ कार्डाला, जेमतेम किमान रक्कम भरेल एवढे, आणि १.५ मैत्रिणीला. दहा महिन्यांत तिचे १५ पूर्ण फिटले. त्या रात्री शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर तो हसला. "बिनव्याजी पैसे आधी फेडलेस आणि ३६ टक्केवालं कार्ड तसंच ठेवलंस? मूर्ख आहेस." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. खरंच मूर्खपणा झाला का?

त्रैराशिक

झाला. रागावू नका, हिशोब मांडतो.

तुम्ही केलंत तसं केलं तर पहिले दहा महिने १.६ कार्डाला, मग मैत्रीण मोकळी झाल्यावर सगळे ३.१ कार्डाला. मैत्रीण आणि कार्ड दोन्ही संपायला १८ महिने लागतात आणि कार्डाचं व्याज ११ जातं. उलट पहिल्या दिवसापासून ३.१ कार्डाला दिले असते तर साडेअकरा महिन्यांत कार्ड संपलं असतं, पुढच्या पाच महिन्यांत मैत्रीण. एकूण साडेसोळा महिने, व्याज ६. फरक ५ चा. तुमचा पगार या मापात ६.६७ होतो, म्हणजे बावीस-तेवीस दिवसांची मजुरी तुम्ही एका शांत झोपेसाठी मोजलीत. महाग झोप आहे.

आणि कार्डाचे ३६ टक्के नसतात. महिना ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातात. तुमचा ऑफिसवालाही कमीच सांगत होता.

उधारदेणारा

त्रैराशिक, तुमच्या हिशोबात मैत्रिणीला पहिले साडेअकरा महिने काय मिळतं? शून्य. नीट वाचा, शून्य.

मी मैत्रिणीच्या जागेवर बसलेला माणूस आहे. मित्राला मुदत ठेव मोडून पैसे दिले होते. तो तुमच्यासारखाच हुशार होता, व्याजवालं आधी, माझं शेवटी. दीड वर्ष एक पैसा नाही. मागायची लाज मलाच. त्याचा फोन आला की वाटायचं आज विषय काढेल, आणि तो क्रिकेटवर बोलायचा. त्याने नवीन बूट घातलेले दिसले तरी मनात आकडा यायचा. बुटाची किंमत काय होती ते मला आजही सांगता येईल. शेवटी पैसे पूर्ण आले, वेळेच्या आधी आले म्हणा हवं तर. पण आता आम्ही वाढदिवसाला एक मेसेज टाकतो, संपलं.

ताई, तुम्ही बरोबर केलंत. बँकेला भावना नसतात, तिला थांबवता येतं.

त्रैराशिक

बँकेला थांबवता येत नाही, तोच तर मुद्दा आहे. ती थांबल्याचे पैसे घेते. तुमच्या मित्राने तुम्हाला एक फोन करून 'साडेअकरा महिने काही देणार नाही, त्यानंतर पाच महिन्यांत सगळं देतो' असं सांगितलं असतं तर? तुम्हाला टोचला तो क्रम की त्याचं गप्प बसणं?

उधारदेणारा

गप्प बसणं. मान्य. पण गप्प न बसणारा कर्जदार मी तरी पाहिलेला नाही.

रातराणी

त्रैराशिक यांचं गणित बरोबर आहे, पण कर्ज फेडणारं माणूस असतं, गणकयंत्र नव्हे. २०१२ साली डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी कर्जनिवारण योजनेत शिरलेल्या लोकांची प्रत्यक्ष माहिती तपासली होती. ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली ते शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त निघाली, आणि बंद झालेलं खातं मोठं होतं की छोटं याने फारसा फरक पडला नाही. एक नाव यादीतून खोडलं की अंगात बळ येतं. मुद्दलबाकी यांनी १५ चं खातं बंद केलं, आता त्या कार्डावर तुटून पडतील. ५ ची किंमत त्यात वसूल आहे.

त्रैराशिक

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खाती बंद केली आणि त्यांच्याकडे पैसे होते म्हणून ते टिकले, असंही असू शकतं ना? शिवाय त्याच्या एकच वर्ष आधी, २०११ मध्ये, मोटी अमर, डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत उलटी बाजू दिसते. लोक छोटी कर्जं आधी मिटवण्याच्या नादात जास्त व्याजाचं मोठं कर्ज वाढू देतात. लढाई जिंकतात, युद्ध हरतात.

शिस्तप्रिय

ऋण काढून सण. अंथरूण पाहून पाय पसरले असते तर हा प्रश्नच आला नसता. आजकालच्या मुलांना धंदा करायचा असतो, तोही दुसऱ्याच्या पैशावर.

मुद्दलबाकी

काका, अंथरूण गेलं, पाय उरलेत. पुढचं बोलूया का?

छत्रीवाली

तुम्ही सगळे ३.१ कुणाला द्यायचे यावर भांडताय, आणि बाजूला काहीच ठेवलेलं नाही याकडे कुणाचं लक्षच नाही.

मी त्रैराशिक पद्धतीने चालले होते. प्रत्येक पैसा कार्डाला. सातव्या महिन्यात नोकरी गेली. हातात शिल्लक शून्य, मग भाडं कशावर? त्याच कार्डावर. सात महिन्यांत जेवढं उतरवलं होतं ते तीन महिन्यांत परत चढलं. नंतर तर कार्डवाल्यांनी मर्यादाच कमी केली, म्हणजे जो आधार समजत होते तोही गेला. आधी निदान दोन महिन्यांचा जगण्याचा खर्च बाजूला, मग फेड. व्याज जातं तर जाऊ दे, तो विम्याचा हप्ता समजायचा.

त्रैराशिक

दोन महिन्यांचा खर्च म्हणजे यांच्या मापात ३.३. तो बाजूला पडून राहिला तर महिन्याला ०.१ व्याज. ठीक आहे, हे मला पटतं. सहा महिन्यांचा ठेवा म्हणाला असतात तर भांडलो असतो.

एकचहप्ता

इतकी डोकेफोड कशाला? सगळं एका मोठ्या कर्जात गुंडाळा. एक हप्ता, कमी दर, लांब मुदत. महिन्याला हातात जास्त उरेल, जगणं सुसह्य होईल. २७ व्या वर्षी पगाराच्या पाव भागात कोण राहतं?

त्रैराशिक

लांब मुदत हाच सापळा आहे. १००० चं कर्ज १८ टक्क्यांनी ३ वर्षांत फेडलं तर व्याज ३०१. तेच १४ टक्क्यांनी, पण ५ वर्षांत, तर ३९६. दर कमी, हप्ता कमी, आणि जास्त पैसे तुमचे गेले. त्या ५ वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातला अर्धा भाग नुसत्या व्याजात जातो. हप्ता हलका वाटतो कारण तो मुद्दलाला जेमतेम शिवतो.

फक्त कार्डापुरतं म्हणाल तर महिना ३ टक्केवालं वर्षाला १४ वर नेणं शहाणपणाचंच आहे, मुदत दीड वर्षाच्या आत ठेवली तर. मुद्दलबाकी, विचारलं होतंत का?

मुद्दलबाकी

दोन ठिकाणी विचारलं. आधीचे हप्ते पगाराच्या मानाने जास्त, म्हणून नकार. आणि खरं सांगते, मोकळं झालेलं कार्ड हातात असण्याची मला भीतीच वाटते. धंदा बसत होता तेव्हा वर्षभर फक्त किमान रक्कम भरत होते, वाटायचं फेडतेय.

हप्तेबाज

त्यावरून आठवलं. महिना ३ टक्के आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, असं असलेलं कार्ड फक्त किमान भरून अर्ध्यावर यायला ३२ महिने लागतात, आणि १०० चे ५० करायला तुम्ही १२० भरता. मी हे एकदा वहीत मांडलं आणि वही मिटून ठेवली.

अवांतर: गाडीचे ते १२ टक्के सरळ व्याजाचे तर नाहीत ना? म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर तीन वर्षांचं ३६ टक्के व्याज लावून भागिले ३६ महिने? तसं असेल तर घटत्या बाकीवर तो दर २१ च्या आसपास पडतो. तुमचं 'काळजी नको'वालं कर्ज १४ वाल्यापेक्षा महाग असेल. फक्त आधी फेडायच्या वेळी करारात व्याज सोडतात का ते बघा, काही ठिकाणी सोडत नाहीत.

मुद्दलबाकी

आत्ता कागद काढून पाहिला. सरळ व्याज. १२ हा आकडा मी तीन वर्षं अभिमानाने सांगत फिरतेय.

मधलावाटाड्या

दोन्ही बाजू १.५ किंवा शून्य एवढंच का धरून बसल्या आहेत? मैत्रिणीला महिन्याला ०.५ दिले असते आणि २.६ कार्डाला? कार्ड साधारण चौदा-साडेचौदा महिन्यांत, सगळं १७ च्या आत, व्याज साडेसातच्या आत. म्हणजे त्रैराशिक यांच्या सर्वोत्तम मार्गापेक्षा दीड जास्त, आणि मैत्रिणीला दर महिन्याला काहीतरी दिसलं असतं.

त्रैराशिक

हे मला आधी सुचायला हवं होतं.

उधारदेणारा

महिन्याला ०.५ आला असता तर मी बुटांकडे बघितलं नसतं. खरंच.

एकचहप्ता

पण सगळे एकच गृहीत धरताय, की मैत्रीण अधीर होती. ती तर 'सावकाश दे' म्हणाली होती. शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही? तिला विचारलंत का कधी?

मुद्दलबाकी

नव्हतं विचारलं. तुमचा हा शेवटचा प्रश्न वाचून काल रात्री फोन केला. गप्पा मारता मारता विचारलं, मी वर्षभर काहीच दिलं नसतं तर चाललं असतं का गं?

आधी हसली. म्हणाली, "चाललं असतं, तुझ्यावर भरवसा होता." मग जरा थांबून म्हणाली की तुला पैसे दिल्यावर तिसऱ्या महिन्यात घरात दवाखान्याचा खर्च निघाला, मुदत ठेव तर मोडलेलीच होती, तेव्हा तिने तो स्वतःच्या कार्डावर टाकला. माझे दर महिन्याचे १.५ आले की ती ते जसेच्या तसे तिकडे भरायची. मला सांगितलं नाही, कारण मी आधीच बुडालेली होते.

म्हणजे दहा महिने ज्याला मी बिनव्याजी म्हणत होते त्याचं व्याज ती भरत होती.

त्रैराशिक

हे माझ्या तक्त्यात नव्हतं. तिच्या कार्डाला महिना किती टक्के होते? तुमच्याएवढेच असतील तर माझा ५ चा फरक मी मागे घेतो, दोघींचा हिशोब एकत्र मांडावा लागेल.

मुद्दलबाकी

विचारलं नाही. संध्याकाळी भेटतोय, विचारते. तिने काय भरलं तेही.